संसाराचा हिशेब नव्या संगणकावर

घर बदलताना आपण भांडीकुंडी आणि धान्याचे डबे गाडीत चढवतो. पण देव्हाऱ्यातले देव आणि कागदपत्रांची पेटी मात्र स्वतःच्या हाताने नेतो. ती कुणावर सोपवीत नाही. संगणक बदलताना नेमके हेच करावे लागते. तिथली पेटी म्हणजे आपल्या संसाराचा हिशेब.

असा हिशेब ठेवण्यासाठी ग्नूकॅश नावाचा, विनामूल्य मिळणारा प्रोग्राम आहे. त्यात प्रत्येक रक्कम दोन ठिकाणी मांडतात, एकीकडे जमा तर दुसरीकडे नावे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात या पद्धतीचे वर्णन केले होते. म्हणजे यंत्र नवे, पण विद्या जुनी!

आता एक गोष्ट मनाशी पक्की करा. प्रोग्राम वेगळा आणि हिशेबाची फाईल वेगळी. घरात मोडी लिपीतले दप्तर आहे, पण मोडी वाचणारा कुणी नाही, तर काय उपयोग? प्रोग्राम हा वाचणारा आणि फाईल हे दप्तर. वाचणारा पुन्हा आणता येतो; दप्तर गेले की गेले.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांचे असेच झाले. ग्नूकॅश फाईल जतन करताना तिची आधीची प्रत आपोआप बाजूला ठेवतो. मूळ नावापुढे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद असे चौदा आकडे त्या प्रतीवर असतात. आपण बदल केला नसेल, तर अशा प्रती तीस दिवस राहतात. गुरुजींनी त्या पाहिल्या आणि ते निश्चिंत झाले. पण या प्रती मूळ फाईलच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे त्याच डिस्कवर! डिस्क बिघडली तेव्हा मूळही गेले आणि प्रतीही गेल्या. पेनड्राइव्हवर होती ती चार महिन्यांपूर्वीची प्रत. त्या चार महिन्यांत त्यांनी मेव्हण्यांना बोअरवेलसाठी हातउसने पैसे दिले होते आणि त्यांतले काही परतही आले होते. किती आले? दोघेही सच्चे, पण दोघांची आठवण वेगळी. आज त्या दोन घरांत पूर्वीसारखे येणेजाणे राहिलेले नाही. बरं का, हिशेब नुसता पैशांचा नसतो. तो नात्यांचाही साक्षीदार असतो.

तेव्हा प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि ती ताजी असावी. आता ती नव्या संगणकावर कशी न्यायची ते क्रमाने पाहू.

पहिले, जुन्या संगणकावर हिशेब जतन करून प्रोग्राम पूर्ण बंद करा. तो चालू असताना फाईलशेजारी एक कुलपाची फाईल तयार होते. तीही सोबत आली, तर नवा संगणक समजतो की दुसरा कुणी हिशेब उघडून बसला आहे.

दुसरे, मुख्य फाईल पेनड्राइव्हवर घ्या. पावत्यांची छायाचित्रे नोंदींना जोडली असतील, तर तीही घ्या. कारण फाईलमध्ये पावती नसते, तिचा फक्त पत्ता असतो. पावत्या नव्या ठिकाणी गेल्या की जुना पत्ता निरुपयोगी. स्वतः जमवून ठेवलेले अहवाल आणि आवडीनिवडीही प्रोग्राम वेगळ्या जागी ठेवतो. त्या या फाईलबरोबर येत नाहीत.

तिसरे, नव्या संगणकावर ग्नूकॅशची तीच किंवा तिच्यापुढची आवृत्ती बसवा. नवी आवृत्ती जुनी फाईल वाचते. जुनी आवृत्ती नवी फाईल वाचेलच असे नाही.

चौथे, फाईल आधी पेनड्राइव्हवरून संगणकात उतरवा आणि मग उघडा. पेनड्राइव्हवरच नोंदी करीत बसू नका; तो बाजूला ठेवायचा राखीव ठेवा आहे. प्रोग्राम प्रथम सुरू होताच नवी खाती उघडण्याविषयी विचारील. तिथे नकार द्या, आणि फाईलच्या यादीतील ‘ओपन’ निवडून आपली फाईल दाखवा. आयात करण्याच्या खटपटीत पडू नका. ती दुसऱ्या प्रोग्रामचे हिशेब आणण्यासाठी असते.

पाचवे, आणि हेच बहुतेक जण विसरतात: पडताळा घ्या. फाईल उघडली म्हणजे काम झाले असे नव्हे. जुन्या संगणकावरील प्रत्येक खात्याची शिल्लक आधीच कागदावर उतरवून घ्या आणि नव्याशी जुळवून पाहा. बँकेच्या पासबुकाशीही ताडून पाहा. शेवटच्या नोंदीची तारीख पाहा. चुकून जुनी प्रत उघडली असेल, तर ती तारीखच सांगेल.

एवढे जमले तरी जुन्या संगणकातील हिशेब लगेच पुसू नका. महिनाभर नव्यावर काम करून पाहा. मात्र जुने यंत्र विकायचे किंवा कुणाला द्यायचे असेल, तर डिस्क जाणकाराकडून नीट पुसून घ्या. या फाईलला प्रोग्रामकडून परवलीच्या शब्दाचे संरक्षण नसते, आणि साध्या रीतीने पुसलेली फाईल पुष्कळदा परत काढता येते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. वर्गातील मुलांकडून हा पडताळा एकदा करवून घ्या. दहा ओळींचा घरखर्च, त्याची प्रत, आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडणे, एवढे पुरे. उघडून पाहिली नाही ती प्रत म्हणजे आतून कधीच न पाहिलेली कणगी. दाणे आहेत की भुसा, ते भूक लागेल त्या दिवशीच कळायचे. ते आजच पाहून ठेवलेले बरे, नाही का?