पॉइन्सेटिया: कुंडीतून बोदलकसाच्या मातीत

डिसेंबरात रोपवाटिकांमध्ये पॉइन्सेटियाच्या बुटक्या लाल कुंड्यांची रांग लागते आणि उन्हाळा लागेपर्यंत त्यांतल्या बहुतेकांच्या नुसत्या काड्या उरतात. दोष उन्हाला दिला जातो. नाताळचं झाड म्हणजे थंड मुलखातलं, ते विदर्भात कसं टिकणार, असा समज त्यामागे असतो. पण पॉइन्सेटिया मूळचा मेक्सिकोचा. पॅसिफिककडच्या उतारांवर, पानगळीच्या जंगलात, तो माणसाहून उंच झुडूप होऊन वाढतो. अमेरिकेचे तिथले राजदूत जोएल पॉइन्सेट यांनी १८२८च्या सुमारास तो आपल्या देशात नेला. पावसाळ्यात वाढ, कोरड्या थंडीत फूल आणि मग पानगळ, असं त्याचं वर्ष आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा तलावाभोवतीचं साग, ऐन, मोहाचं रानही ऋतूंच्या याच फेऱ्यावर चालतं. म्हणूनच माझं म्हणणं असं की, इथे हे झाड उन्हापेक्षा अवेळी केलेल्या लागवडीने आणि साचलेल्या पाण्याने जास्त मरतं, आणि जगलं तरी रात्रीच्या दिव्यांमुळे रंगत नाही.

आधी रंगाचं पाहू. लाल दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, पानंच. खरी फुलं मधली इवलीशी पिवळी. ही पानं लाल व्हावीत की नाही, हे रात्रीच्या लांबीवर ठरतं. वनस्पती दिवस-रात्र मोजतात हे गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी संशोधकांनी १९२०मध्ये दाखवून दिलं. पॉइन्सेटियाला रात्र साधारण बारा तासांच्या पुढे गेली की कळ्या धरतात. बोदलकसा एकवीस अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे. इथे जूनमध्ये दिवस तेरा तासांहून मोठा, तर डिसेंबरात अकराहूनही लहान असतो. सप्टेंबर संपताना रात्र दिवसाला गाठते आणि तिथून दोन-अडीच महिन्यांत, म्हणजे ऐन डिसेंबरात, झाड रंगतं. रात्री उबदार राहिल्या तर कळ्या लांबतात, पण गोंदियात दसरा-दिवाळीच्या सुमारास रात्री गार होऊ लागलेल्या असतात. घरात झाड ठेवणारे परदेशी लोक रोज संध्याकाळी त्यावर खोकी पालथी घालतात. तो खटाटोप इथे मोकळ्या अंगणात करावाच लागत नाही. अडचण आहे ती रात्रभर जळणाऱ्या दिव्यांची. पर्यटकांसाठी लावलेला एखादा खांब झाडाच्या डोक्यावर असेल, तर झाड हिरवंगार वाढेल आणि लाल मात्र होणार नाही. दिवाळीच्या पणतीने काही बिघडत नाही. महिनाभर न उतरवलेल्या आकाशकंदिलाने बिघडू शकतं.

आता लागवड. डिसेंबरात आणलेली कुंडी लगेच जमिनीत उतरवण्याचा मोह होतो, आणि नेमकं तेच टाळायचं. फुलावरच्या झाडाची मुळं या काळात फारशी नवी जमीन धरत नाहीत, आणि पुढे उन्हाळा येतो. लाली ओसरली की पाणी कमी करावं, मे महिना कुंडी सावलीत काढावी, जूनच्या सुरुवातीला फांद्या वीतभर ठेवून छाटाव्यात आणि पहिला चांगला पाऊस झाला की मुळांभोवतीचा गोळा न फोडता रोप जमिनीत लावावं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत शेंडे खुडत राहिलं की झाड पसरतं. सप्टेंबरनंतर कात्री लावली तर त्या वर्षीचा रंग गेला. जागेची निवड मात्र वेळेपेक्षाही अवघड. हा धानाचा मुलूख. बांधीत पाणी थांबावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खटपट झालेली; पॉइन्सेटियाला नेमकं तेच सोसत नाही, मुळं कुजतात. म्हणून पाणी धरणाऱ्या कन्हार आणि मोरांड जमिनी टाळाव्यात. बरडीसारखी चढावरची मुरमाड जमीन, त्यात शेणखत आणि फूटभर उंच वाफा, ही त्याची जागा. दुकानात बुटकं दिसणारं झाड जमिनीत भराभर उंच होतं, कारण कुंडीत त्याला वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं. तेव्हा दोन झाडांत मीटरभर तरी अंतर हवं.

मेच्या उन्हाचा आक्षेप मी उडवून लावत नाही. मेक्सिकोचे ते उतार इथल्याइतके तापत नाहीत. पण तोवर झाडावर पानं थोडीच उरलेली असतात. बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन, दुपारची सावली आणि आठवड्यातून एक-दोनदा पाणी यावर ते निभावतं. झाड विषारी असल्याची भीतीही बरीच फुगवलेली आहे. १९९६मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडच्या पॉइन्सेटियाच्या २२,७९३ नोंदी तपासल्या गेल्या, त्यांत एकही मृत्यू नव्हता. चीक मात्र शेराच्या चिकासारखाच त्याच कुळातला: त्वचेला झोंबतो, डोळ्यांत जाऊ देऊ नये. परक्या झाडाचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण बेशरम या परक्या झुडपाने या भागातल्या तलावांचं काय केलं ते डोळ्यांसमोर आहे. पण बेशरमच्या तुटक्या फांदीला चिखलात मुळं फुटतात. पाणथळ जमीन तिचं घर आहे, पॉइन्सेटियाचं मरण. बागेतला पॉइन्सेटिया बी क्वचितच धरतो आणि वाढवायचा तर माणसाने कलमं लावावी लागतात. तरीही नागझिरा अभयारण्याच्या रानालगत त्याला अंगणाबाहेर नेऊ नये. रानाच्या लालीसाठी पळस आहेच, तोही हा ओसरल्यावर फुलणारा. आणि बोदलकसाचं धरण मातीचं आहे. त्याच्या पाळीवर शोभेचं कोणतंही झुडूप लावणं चूकच. घराच्या वाडीत, विश्रामगृहाच्या आवारात, शाळेच्या कुंपणाशी, दिव्यापासून दूर आणि पाणी न थांबणाऱ्या जागी लावायचं असेल तर जूनचा दुसरा पंधरवडा धरावा.