जुनें छायाचित्र कसें वाचावें?

श्रोतेहो, परळी-वैजनाथ स्थानकाचें तारीख नसलेलें छायाचित्र घरांत सांपडलें, तर प्रथम रूळ पाहावेत. विकाराबादकडील रुळांत अंतर ५ फूट ६ इंच. परभणीकडील मार्ग मात्र पूर्वीं मीटरगेज होता. अरुंद रूळ दिसले, म्हणजे चित्र त्या मार्गाच्या रुंदीकरणापूर्वींचें.

मग डब्यावरील अक्षरें. निजाम सरकारची रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं मध्य रेल्वेंत गेली. दक्षिण मध्य रेल्वे निघाली २ ऑक्टोबर १९६६ रोजीं. पण जपून! नवा रंग लागेपर्यंत जुनें नांव डब्यावर राहूं शकतें. तेव्हां चित्र कोणत्या वर्षाआधींचें नव्हे, एवढेंच अक्षरें सांगतात.

फलाटावरील हमाल कोण, हें मात्र घरांतील आजोबाच सांगतील. तें नांव पाठीमागें पेन्सिलीनें, हलक्या हातानें लिहावें. शाई पुढें उमटते.