ट्राय-अँगचे जुने इंजिन: दुरुस्ती आणि नवी मोटर

ट्राय-अँग रेल्वेज ही ब्रिटनमधील छोट्या आगगाड्यांची मालिका १९५२ साली बाजारात आली. लाइन्स ब्रदर्स या खेळण्यांच्या बड्या कंपनीने आदल्याच वर्षी रोव्हेक्स ही लहान कंपनी विकत घेतली होती. तिचे ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ हे इंजिन या मालिकेतले पहिले. १९६४ मध्ये हॉर्नबी डब्लो गाड्या बनवणारी मेकॅनो कंपनीही लाइन्स ब्रदर्सकडे आली. त्या काळातली इंजिने आजही माळ्यांवरून, जुन्या बाजारांतून बाहेर निघतात. बरीचशी चालत नाहीत, पण खरोखर मेलेली त्यांत थोडीच असतात.

या इंजिनांचे प्रमाण एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६.२. रूळांमधले अंतर मात्र १६.५ मिलिमीटर, जे हिशेबाने १:८७ प्रमाणाला शोभते. ब्रिटिश इंजिने मुळात अंगाने लहान. त्यांच्या १:८७ प्रतिकृतीत त्या काळची मोटर मावेना, म्हणून अंग वाढवले आणि रूळ तेच ठेवले. अंगरखा एका मापाचा, चपला दुसऱ्या. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे, तिथल्या गाड्या १:८७ प्रमाणाच्या आहेत. रूळांचे माप तेच.

बहुतेक ट्राय-अँग इंजिनांच्या पोटात एक्स-०४ ही मोटर असते. ती १२ व्होल्ट डीसीवर चालते आणि तिला कवच नसते, त्यामुळे सगळे भाग उघड्यावर दिसतात. तीन दांड्यांवर तार गुंडाळलेले आर्मेचर, एका टोकाला तांब्याच्या तीन पाकळ्यांचा कम्युटेटर, त्यावर टेकलेले दोन कार्बन आणि मागे चुंबकाचा ठोकळा. आर्मेचरच्या फिरत्या दांडीवरची वर्म, म्हणजे मळसूत्रासारखा दाता, आसावरचे दातेरी चाक फिरवते. वीज रुळांतून चाकांवाटे येते. एका बाजूची चाके आसापासून विजेच्या दृष्टीने तोडलेली असतात. दुसऱ्या बाजूची वीज सांगाड्यातूनच मोटरला मिळते. रुळांतले धन-ऋण उलटवले की इंजिन उलटे धावते.

दुरुस्तीची सुरुवात बिघाड शोधण्यापासून नव्हे, सफाईपासून करावी. चाळीस-पन्नास वर्षांत तेलाचा डिंक होतो आणि दांडी फिरतच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने चाके आणि कम्युटेटर पुसायचा. पाकळ्यांमधल्या फटींत साचलेली कार्बनची पूड दात कोरायच्या काडीने काढायची. ही पूड वीज वाहते, म्हणून पाकळ्या आपसांत जोडल्या जातात आणि मोटर तापते, पण फिरत नाही. कार्बन झिजून आखूड झाले असतील तर नवे बसवायचे. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दोन्ही बेअरिंगांना. थेंबच, जास्तीचे तेल कम्युटेटरवर उडते आणि सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

एवढ्यानेही इंजिन हलले नाही, तर मीटर घ्यावा. कार्बन उचलून पाकळ्यांच्या तिन्ही जोड्यांमधला रोध मोजायचा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर गुंडाळी शाबूत आहे. एखादा वेगळा आला तर तार तुटली आहे किंवा आतल्या आत जोडली गेली आहे. इंजिन सुसाट पळते, खूप करंट खाते, पण डबे ओढत नाही, तेव्हा दोष बहुधा चुंबकाचा. जुना चुंबक लोखंडी चौकटीतून नुसता बाहेर काढून ठेवला तरी त्याचा जोर घटतो. आधीच्या कारागिराने निष्काळजीपणे सोडवलेल्या मोटरींत हे हमखास आढळते. चुंबक पुन्हा भारून घेता येतो किंवा त्याच्या जागी निओडिमियमचा लहान ठोकळा बसवता येतो.

दोन दुखण्यांवर इलाज नाही. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल तर भाग आतून फुगतो, चिरतो आणि बोटांत भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या हॉर्नबी गाड्यांत हे फार दिसते. दुसरे, सेल्युलोज अॅसिटेटचे सुरुवातीचे डबे आणि इंजिनांची अंगे. ती केळ्यासारखी वाकतात आणि सरळ होत नाहीत.

आर्मेचर जळले असेल किंवा इंजिनाला अगदी सावकाश चालवायचे असेल, तरच नवी मोटर घालावी. तीन दांड्यांची मोटर कमी वेगात गचके खाते. पाच दांड्यांची बंद डब्याची मोटर करंट कमी घेते आणि मुंगीच्या चालीने चालते. अडचण जोडणीत येते. नव्या मोटरची दांडी सहसा १.५ किंवा २ मिलिमीटरची असते. जुन्या वर्मचे भोक त्याहून मोठे असेल तर मध्ये पितळी नळी घालावी लागते. वर्म आणि दातेरी चाक फार घट्ट बसले तर मोटर कण्हते, सैल बसले तर दाते झिजतात. दोघांमध्ये पातळ कागदाची पट्टी धरून मोटर पक्की करायची, मग पट्टी ओढून घ्यायची.

वेगाचा हिशेब आधी करावा. चाकाचा व्यास २० मिलिमीटर, वर्मचे प्रमाण ३०:१ आणि मोटरचे मिनिटाला ९००० फेरे धरले, तर इंजिन सेकंदाला सुमारे ३१ सेंटिमीटर जाते. मोठ्या मापात ताशी ८६ किलोमीटर. मालगाडीच्या इंजिनाला तेवढे पुष्कळ झाले.

डिजिटल नियंत्रण हवे असेल तर मोटरचे दोन्ही कार्बन सांगाड्यापासून तोडलेच पाहिजेत. एक्स-०४ मध्ये एकाच कार्बनच्या स्प्रिंगला आवरण असते. दुसऱ्यालाही ते न घालता डिजिटल आदेश वाचणारा डिकोडर जोडला तर तो पहिल्याच फेरीत जळतो.

जोडणी झाल्यावर इंजिन दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास डब्यांशिवाय, मध्यम वेगाने फिरवायचे, मग बेअरिंगांना पुन्हा तेल द्यायचे. काढलेली मोटर चुंबक न सोडवता, स्क्रूंसकट डबीत ठेवावी. संग्राहक मूळ मोटरच्या इंजिनाला जास्त किंमत देतात.