गोडी पुसणारे पान : गुडमार

गुडमारचे एखादे पान मिनिटभर नीट चावावे, चोथा थुंकून टाकावा आणि चमचाभर साखर तोंडात घालावी. दाताखाली वाळू आल्यासारखे वाटते. मध घ्या, गूळ घ्या, अगदी सॅकरिन घ्या, गोडी गायब. मीठ मात्र खारटच लागते. अर्ध्या-एक तासाने जीभ ताळ्यावर येते.

सह्याद्रीत आणि मध्य भारतातल्या जंगलांत झाडाझुडपांवर चढणाऱ्या या वेलीला मधुनाशिनी असेही म्हणतात. वनस्पतींचा नाद असलेले कंपनी सरकारचे अधिकारी एजवर्थ यांना पान चावल्यावर चहातली साखरच कळेना. ही हकिकत १८४७ साली छापली गेली. पुढे १८८७ मध्ये उटीचे रसायनतज्ज्ञ डेव्हिड हूपर यांनी पानातले जिम्नेमिक आम्ल वेगळे काढले. गोड ओळखणाऱ्या स्वादकलिकांतल्या प्रथिनाला हे आम्ल चिकटून बसते, हे आता ठाऊक झाले आहे. गंमत म्हणजे उंदरांवर त्याचा काही इलाज चालत नाही. त्यांची गोडी मारते ते याच पानातले गुरमारिन नावाचे छोटे प्रथिन, आणि ते माणसाला जवळजवळ बाधत नाही. एकाच पानात दोघांसाठी दोन निरनिराळे बंदोबस्त!

पण जिभेवरची साखर वेगळी, रक्तातली वेगळी. मधुमेहासाठी गुडमारचा काढा किंवा ‘हर्बल टी’ घेणारे मद्रासच्या १९९० मधल्या अभ्यासाचा आधार देतात. त्यात २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर रोज ४०० मिलिग्रॅम अर्क १८ ते २० महिने दिला गेला. साखर उतरली, पाच जणांच्या गोळ्याही सुटल्या. निष्कर्ष उमेद वाढवणारा खरा. पण रुग्ण मोजकेच, आणि दिला होता तो ठरावीक मात्रेचा अर्क. घरी उकळलेल्या कपात किती आम्ल उतरले, हे पाल्यावर, ऋतूवर आणि उकळण्यावर अवलंबून. कपभर बिनसाखरेच्या काढ्याने साखरेचा एक चहा टळतो, एवढा फायदा मात्र निर्विवाद.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना काढाही सुरू केला, तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातापायांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. गुडमार घेणाऱ्या एका रुग्णाच्या यकृताला सूज आल्याचीही २०१० मध्ये वैद्यकीय नोंद झाली आहे. म्हणून डॉक्टरांना चालू औषधे सांगताना हा काढाही त्यांत धरावा.