औषधोपचाराचे मोल कशावर मोजावे?



वैद्यकाच्या विषयावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असा प्रश्न काही मंडळींना पडला असेल. डॉक्टरी मला येत नाही. शाळाही लवकर सुटली. पण मजुरीचा हिशेब येतो, आणि आजचा विषय पुष्कळसा त्या हिशेबाचाच आहे.

कारखान्यात मजुरी दोन तऱ्हांनी मिळते. एक महिन्यावर, दुसरी नगावर, म्हणजे पीसरेटवर. पीसरेटवाला नग वाढवतो, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. डॉक्टर हाही माणूसच आहे. जिथे प्रत्येक तपासणीचे, प्रत्येक सुईचे वेगळे पैसे, तिथे तपासण्या आणि सुया वाढतात. याउलट राज्य कामगार विमा योजनेत पॅनेलच्या डॉक्टरांना माणशी ठरीव रक्कम देण्याची पद्धत मुंबईत रूढ झाली. तिथे कामगारांची तक्रार उलटी असते: दुखणे सांगून संपायच्या आत चिठ्ठी लिहून झालेली! दोन्हीकडे एक गोष्ट मात्र हिशेबाच्या वहीत येत नाही. माणूस बरा झाला की नाही?

हा प्रश्न चिकाटीने विचारणारा एक सर्जन अमेरिकेत बोस्टन शहरी होऊन गेला. अर्नेस्ट कॉडमन (१८६९–१९४०) हे त्याचे नाव. त्याचे म्हणणे इतके साधे की लहान मुलालाही पटावे. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवा. काय दुखत होते, काय निदान केले, काय उपचार केले ते लिहा. आणि वर्षभराने त्याला गाठून आता कसे आहे ते त्याच कार्डावर नोंदवा. गुण आला नसेल तर का आला नाही, तेही लिहा. मोठ्या रुग्णालयात बढती ज्येष्ठतेवर मिळे, परिणामावर नव्हे. म्हणून १९१४ साली त्याने तिथला राजीनामा दिला. त्याचे स्वतःचे छोटे रुग्णालय होतेच. १९११ ते १९१६ या काळात तिथून ३३७ रुग्ण घरी गेले, आणि उपचारांतल्या १२३ चुका त्याने आपण होऊन छापून प्रसिद्ध केल्या. आपल्या गावातला एखादा डॉक्टर असे करील, अशी कल्पना करून पाहा. पुढे एका सभेत त्याने सोन्याची अंडी घालणाऱ्या, पण डोके वाळूत खुपसलेल्या शहामृगाचे व्यंगचित्र टांगले, तेव्हा व्यवसायबंधूंनी त्याला जवळजवळ वाळीतच टाकले.

कॉडमनचा विचार पुढे पुन्हा वर आला. २००६ साली मायकेल पोर्टर आणि एलिझाबेथ टाइसबर्ग या दोघांनी मोठा ग्रंथ लिहून मांडले, की उपचाराचे मोल म्हणजे रुग्णाला मिळालेला परिणाम, भागिले त्यासाठी झालेला खर्च. मी मुद्दाम मोल म्हणतो. किंमत बिलावर छापलेली असते, मोल घरी गेल्यावर कळते.

मग परिणाम ठरवायचा कोणी? इथे रुग्णच मध्यभागी येतो. लेथवर काम करणाऱ्याचा खांदा धरला, त्याची शस्त्रक्रिया झाली, एक्स-रे सुंदर आला. सर्जनच्या दृष्टीने काम फत्ते. पण हात डोक्यावर जात नसेल, तर त्या माणसाला एक्स-रे काय करायचा? विमा योजनेत साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. ९२ व्या दिवशी चूल पेटायची ती त्या हातावर. (हा कॉडमन खांद्याचाच तज्ज्ञ होता. पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवायचा जो व्यायाम आजही सांगतात, तो त्याच्या नावाने ओळखला जातो.) हॅम्बुर्गला २००५ साली मार्टिनी क्लिनिक निघाले, ते केवळ प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी. माणूस जगला एवढ्यावर तिथे भागत नाही. लघवीवर ताबा राहिला का, संसारसुख टिकले का, हे त्याला पुढे वर्षानुवर्षे विचारतात, आणि कुठल्या सर्जनच्या हातून काय परिणाम निघाला, ते सगळे सर्जन एकत्र बसून पाहतात.

यात धोका नाही असे नाही. परिणामावर पैसा किंवा नाव ठरू लागले, की अवघड रुग्ण नकोसा होतो. १९९० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्याने हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे रुग्णालयवार आकडे जाहीर करायला आरंभ केला. मृत्यूंचे प्रमाण घटले. पण काही सर्जन जास्त आजारी माणसाला हात लावायला कचरतात, अशी ओरडही झाली. म्हणून रुग्णाचे वय, आधीची दुखणी हिशेबात धरूनच तुलना करावी लागते. मालक जुनाट यंत्र देऊन नव्या यंत्राइतके उत्पादन मागतो, तेव्हा आपणही हेच भांडतो.

राज्य कामगार विम्याचा कायदा १९४८ चा. योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के असा वर्गणीचा दर ठरला. पैसा आपला आहे, आणि योजनेच्या मंडळांवर कामगारांचे प्रतिनिधीही असतात. ते खाटा किती, औषधे आली का, हे विचारतात, आणि विचारायलाच हवे. आता त्यांनी आणखी एका रकान्याची मागणी करावी: शस्त्रक्रिया होऊन वर्ष झालेल्या कामगारांपैकी किती जण आपल्या मूळ कामावर परतले. त्याला नवे यंत्र लागत नाही. एक कारकून, एक टेलिफोन आणि कॉडमनचे कार्ड एवढे पुरे.