वीस लँड, दहा लाख किडे

किडा एवढासा. मारतो एक, सोसतो एक. समोरच्याकडे सुरुवातीला २० लाइफ, म्हणजे हा एकटा डाव संपवायला निघाला तर वीस वेळा चावावं लागेल. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळात असल्या किड्याला कोण विचारतो? पण २०२० साली ‘झेंडिकार रायझिंग’ संचातून आलेल्या ‘स्क्यूट स्वॉर्म’वरची बारीक अक्षरं वाचा. तुमची एखादी लँड, म्हणजे जमिनीचं कार्ड, टेबलावर आली की एक नवा किडा जन्मतो. तुमच्याकडे सहा किंवा जास्त लँड असतील तर तो साधा किडा नसतो, याच स्वॉर्मची हुबेहूब प्रत असते. आणि प्रतीलाही हीच विद्या येते!

चला, मोजू या. सहा लँड मांडलेल्या आहेत, स्वॉर्म एक. नवी लँड पडली, एक ट्रिगर, म्हणजे किड्याची विद्या एकदा चालली, दोन स्वॉर्म. पुढची पडली, दोघांचे दोन ट्रिगर, चार स्वॉर्म. मग आठ, सोळा, बत्तीस. दहाव्या नव्या लँडला १,०२४. विसाव्या लँडला १०,४८,५७६! प्रत्येकासाठी एक कार्ड घ्या, ८८ मिलिमीटर लांबीचं, आणि टोकाला टोक लावत रस्त्यावर मांडत जा. रांग भरते ९२ किलोमीटर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेची मूळ लांबी साडेचौऱ्याण्णव. कळंबोलीला पहिलं कार्ड ठेवा; खालापूर गेलं, घाट चढला, लोणावळा गेलं, तळेगाव गेलं, किवळे समोर दिसायला लागलं आणि कार्डं संपली. आता एकविसावी लँड टाका. तेवढीच रांग परतीची. एका लँडमध्ये!

आणि ही सगळी करामत वेळेची आहे, बरं का. घटना घडते त्या क्षणी जो टेबलावर हजर, त्याचाच ट्रिगर. त्या लँडमुळे जे जन्मले त्यांना ती लँड हुकलेली, त्यांनी पुढचीची वाट बघायची. ‘स्केपशिफ्ट’ नावाचं एक कार्ड आहे. हव्या तेवढ्या लँड बळी द्या, तेवढ्याच डेकमधून शोधून एकदम टेबलावर आणा. वीस लँड अशा एकाच झटक्यात आल्या तर आपला एकटा स्वॉर्म वीस वेळा ट्रिगर होतो. वीस प्रती, एकूण एकवीस. बस्स! त्यांची रांग जेमतेम पलंगाएवढी. त्याच वीस लँड एकामागून एक आल्या की थेट किवळे. किडा तोच, लँड त्याच, फरक फक्त कधी आल्या याचा.

यापुढचं तर मला सगळ्यांत भारी वाटतं. एकट्या विसाव्या लँडचे ट्रिगर ५,२४,२८८. ते सगळे स्टॅकवर, म्हणजे आपल्या पाळीची वाट बघणाऱ्यांच्या चळतीवर, चढतात आणि एकेक करून उतरतात, शेवटी चढलेला आधी. सेकंदाला एक या वेगाने सहा दिवस, सहा रात्री! आता समजा, पहिला ट्रिगर उतरायच्या आतच समोरच्याने टेबलावरचे सगळे क्रीचर, म्हणजे किड्यांसारखे प्राणी, मारणारं इन्स्टंट, म्हणजे मधेच टाकता येणारं कार्ड, टाकलं. पाच लाख स्वॉर्म खलास. आणि ट्रिगर? ते जागच्या जागी. एकदा स्टॅकवर चढलेला ट्रिगर आपला मालक जिवंत आहे की मेला हे विचारत नाही. पाच लाख चोवीस हजार नवे स्वॉर्म पुन्हा टेबलावर!

थांबायचं कशाला? टाकलेल्या लँड हातात परत घेऊन पुन्हा टाकता येतात. तिसाव्या लँडला १०७ कोटी. ही कार्डं वीस फूट व्यासाच्या, चाळीस फूट खोल विहिरीत ठासून भरा. जवळपास पाच विहिरी काठोकाठ! टोकाला टोक मांडली तर पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घालून तिसरीला लागतात. चाळिसाव्या लँडला १ लाख ९ हजार कोटींच्या वर. किड्यामागे एक रुपया धरा, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ मंजूर खर्च निघाला, वर जवळपास दोन हजार कोटी उरले.

आणि अजून ‘डबलिंग सीझन’ काढलंच नाही! २००५ सालचं ‘रॅव्हनिका’मधलं कार्ड. ते ट्रिगर होत नाही, स्टॅकवर चढत नाही, समोरच्याला मधे बोलायला जागाच देत नाही. टोकन, म्हणजे असा नवा किडा, जन्मत असतानाच एकाचे दोन करतं. म्हणजे आता प्रत्येक लँडला दुप्पट नव्हे, तिप्पट. विसाव्या लँडला दहा लाखांच्या जागी ३४८ कोटी. एकविसाव्या लँडला १,०४६ कोटी, त्यांची रांग चंद्रावर जाऊन परत आली तरी दीड लाख किलोमीटर शिल्लक. आणि चाळिसाव्या लँडपर्यंतचे सगळे ट्रिगर सेकंदाला एक असे उतरवायला बसलो तर? १९,२६३ कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी. चौदा विश्वं उलटतील, आणि त्यातल्या प्रत्येक ट्रिगरआधी समोरच्याला विचारायचंच: काही रिस्पॉन्स?