‘घरीच असते’ : श्रमशक्ती आयोगाचा मागोवा

दुपारी बाराच्या सुमारास सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतल्या गल्ल्यांतून चालत जावं. पुरुष लूमखात्यात नाहीतर रिंग रोडच्या कापड मार्केटात गेलेले असतात. दारं उघडी असतात आणि उंबऱ्याच्या आत बायका साड्यांच्या ढिगात बसलेल्या दिसतात. कोणी लेस लावते, कोणी खडे-टिकल्या चिकटवते, कोणी भरतकामाचे सुटे धागे कापते. यातली कितीतरी कुटुंबं धुळे, नंदुरबार, जळगावकडची. भुसावळ-सुरत रेल्वेमार्गाने पोटामागे इथे आलेली. पैसे नगावर मिळतात आणि दर गठ्ठा आणून टाकणारा ठरवतो. त्यांच्यापैकी एखादीला विचारलं, ‘‘ताई, तुम्ही काय काम करता?’’, तर हातातली सुई न थांबवता ती सांगते, ‘‘काही नाही, घरीच असते.’’

हे उत्तर ऐकून पुढच्या दाराशी जाणं सोपं असतं. मोजणारे वर्षानुवर्षं तसेच पुढे गेले आणि कोट्यवधी कष्टकरी बायका देशाच्या हिशेबातून गळाल्या. ही गळती भरून काढण्यासाठी भारत सरकारने १९८७ साली एक आयोग नेमला. त्याचं नाव लांबलचक होतं : स्वयंरोजगारातील आणि असंघटित क्षेत्रातील स्त्रियांसाठीचा राष्ट्रीय आयोग. त्याचा अहवाल जून १९८८ मध्ये ‘श्रमशक्ती’ या सुटसुटीत नावाने आला. आयोगाच्या अध्यक्ष होत्या इला भट्ट, आणि त्या लहानाच्या मोठ्या झाल्या त्या याच सुरतेत.

इलाबेनचा जन्म १९३३ साली अहमदाबादला झाला, पण शाळा-कॉलेज सुरतेत. वडील वकील, आई स्त्रियांच्या चळवळीत वावरणारी. सार्वजनिक गर्ल्स हायस्कूलमधून त्या एम.टी.बी. कॉलेजात गेल्या आणि १९५२ मध्ये इंग्रजी घेऊन पदवीधर झाल्या. कॉलेजात असतानाच स्वतंत्र भारताची पहिली जनगणना आली. रमेश भट्ट नावाचा विद्यार्थी-कार्यकर्ता झोपडपट्ट्यांतल्या कुटुंबांची नोंद करायला निघाला होता; त्याने या बुजऱ्या, बोलताना अडखळणाऱ्या मुलीला सोबत बोलावलं. सुखवस्तू घरातली ती मुलगी त्या वस्त्यांत पहिल्यांदाच शिरली. पुढे १९५६ मध्ये, गरीब घरातल्या या मुलाला घरातून विरोध असूनही, दोघांनी लग्न केलं.

मला या मागोव्याची सुरुवात तिथेच दिसते. अहवाल, कायदे, परिषदा हे सगळं फार नंतरचं. आधी एक कॉलेजकन्या सुरतेच्या एका खोपटाच्या दाराशी उभी राहिली आणि आत कोण आहे, काय करतं, हे विचारू लागली. सदतीस वर्षांनी तिच्या सहीने निघालेला अहवालही मुळात तोच प्रश्न विचारतो, फक्त देशभराच्या दारांशी.

मधल्या काळात दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. पहिली सरकारदरबारी. सप्टेंबर १९७१ मध्ये केंद्राने स्त्रियांच्या दर्जाचा अभ्यास करायला समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. समितीचा ‘समानतेकडे’ या अर्थाच्या नावाचा अहवाल १९७४ च्या अखेरीस तयार झाला आणि त्याने दिल्लीची झोप उडवली. स्वातंत्र्यानंतर बायकांचं भलं होतच आहे, अशी सगळ्यांची समजूत होती. अहवालाने जनगणनेतला आकडा पुढे ठेवला : १९०१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९७२ बायका होत्या, १९७१ मध्ये ९३० उरल्या. शेतीत, गिरण्यांत बायकांचं काम आटत चाललं होतं. केंद्रात आणि राज्यांत स्त्रियांसाठी कायमस्वरूपी आयोग असावेत, ही शिफारस याच समितीची. तिची अंमलबजावणी व्हायला पुढची सतरा वर्षं जावी लागली.

दुसरी गोष्ट अहमदाबादेत. कायद्याची पदवी घेऊन इलाबेन १९५५ मध्ये तिथल्या गिरणी कामगारांच्या संघटनेच्या, म्हणजे मजूर महाजनच्या, कायदा विभागात रुजू झाल्या होत्या. कापड बाजारात हातगाडी ओढणाऱ्या, डोक्यावरून गाठोडी वाहणाऱ्या, जुने कपडे विकणाऱ्या बायका त्यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन आल्या. त्यांची संघटना म्हणून ‘सेवा’ उभी राहिली. पण नोंदणीच्या वेळी कामगार खात्याने अडवलं. मालक कोण ते सांगता येत नाही, तर ही कामगार संघटना कशी? इलाबेनचं म्हणणं होतं, की संघटना मालकाविरुद्ध असायलाच हवी असं नाही, कामगारांनी एकमेकींच्या सोबतीसाठीही ती करावी. एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली. दोन वर्षांनी चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक उघडली.

इतकी शिदोरी बरोबर असलेली बाई १९८६ मध्ये राज्यसभेवर नेमली गेली आणि पुढच्याच वर्षी आयोगाची अध्यक्ष झाली. सोबत मुंबईत समाजकार्य शिकवणाऱ्या अरमैती देसाई, चेन्नईत गरीब बायकांची संघटना बांधणाऱ्या जया अरुणाचलम, पत्रकार-लेखिका मृणाल पांडे अशा सदस्य होत्या. आयोगाने १८ राज्यांत फिरून बायकांना त्यांच्या कामाच्या जागी गाठलं. विडी वळणाऱ्या, मासळी विकणाऱ्या, वीटभट्टीवरच्या, बांधकामावर घमेली वाहणाऱ्या, रानातून सरपण आणणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, घरी बसून शिवणटिपण करणाऱ्या. आयोगाच्या हिशेबात देशातल्या काम करणाऱ्या बायकांपैकी सुमारे ९४ टक्के असंघटित क्षेत्रात होत्या. कामगार कायद्यांचं छत्र उरलेल्या मूठभरांवर होतं.

अहवालाचं मोठेपण त्याच्या पहिल्या मागणीत आहे. त्याने व्याख्येलाच हात घातला. पैसे मिळोत वा न मिळोत, काम घरात होवो वा बाहेर, दुसऱ्यासाठी असो वा स्वतःच्या कुटुंबासाठी, ती बाई कामगार म्हणून मोजली गेली पाहिजे. हे म्हणणं कागदावर साधं दिसतं. पण कामगार ठरल्याशिवाय ओळखपत्र नाही, ओळखपत्राशिवाय विमा नाही, बाळंतपणाची मदत नाही, बँकेचं कर्ज नाही. सोलापूरच्या विडी कामगार बाईला विचारा, तिच्या लेखी त्या कार्डाचं मोल काय ते. व्याख्या म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा. तो बंद असेल तर आतल्या खोल्या कितीही चांगल्या असोत, बाई बाहेरच उभी.

दुसरी मागणी दराबद्दल होती. नगावर पैसे देताना दर असा असावा, की आठ तास काम केल्यावर बाईच्या हाती किमान वेतनाइतकी रक्कम पडेल. सुरतेच्या त्या गल्लीत उभं राहिलं, की ही मागणी किती मर्मावर बोट ठेवणारी होती ते कळतं. नगावरच्या कामात वेळ कोणी मोजत नाही. जागा तिची, दिवा-पंख्याचं बिल तिचं. शाळेतून आलेली पोरगी धागे कापायला बसते, तिचे हात हिशेबात येत नाहीत. माल नापसंत झाला तर तोटाही तिच्याच पदरात.

घर, जमीन, झाडं अशी मालमत्ता बाईच्या नावावर व्हावी, गरीब बायकांसाठी वेगळी पतसंस्था असावी, बाळंतपणाचा भार एका मालकावर न टाकता सामायिक निधीतून उचलावा, कामाच्या जागी पाळणाघर असावं, धंद्या-धंद्यासाठी सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय मंडळं असावीत, अशी ही यादी लांबत जाते. मंडळाची कल्पना महाराष्ट्राला परकी नव्हती. इथे १९६९ च्या कायद्याने माथाडींची मंडळं उभी होती आणि डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माणसालाही भविष्यनिर्वाह निधी मिळू शकतो हे त्यांनी दाखवलं होतं.

मग झालं काय? काही गोष्टी लवकर घडल्या. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नाला एक पुरवणी जोडली गेली : शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला केलेलं कामही धरून. गरीब बायकांना कर्ज मिळावं म्हणून १९९३ मध्ये राष्ट्रीय महिला कोष स्थापन झाला. १९७१ च्या समितीने मागितलेला राष्ट्रीय महिला आयोग जानेवारी १९९२ मध्ये अस्तित्वात आला, महाराष्ट्राचा राज्य आयोग १९९३ मध्ये, गुजरातचा २००५ मध्ये. छळ, हुंडा, अत्याचार यांच्या तक्रारी घेऊन कुठे जायचं, याचं एक ठिकाण त्यामुळे बायकांना मिळालं. मात्र मजुरीच्या दराचं गाऱ्हाणं घेऊन तिथे जाता येईल, हे साडीला लेस लावणाऱ्या बाईच्या मनातही येत नाही.

काही गोष्टींना पिढी खर्ची पडली. १९९६ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यामागे ‘सेवा’ने वर्षानुवर्षं केलेली खटपट होती, भारताने मात्र त्याला अजून अनुमोदन दिलेलं नाही. असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा २००८ मध्ये आला आणि घरी बसून काम करणाऱ्याची व्याख्या त्यात प्रथमच नीट बसली. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा. त्यात शहराच्या पथविक्रेता समितीवरच्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींमध्ये एक तृतीयांश जागा बायकांना आहेत. असंघटित कामगारांच्या नोंदणीचं ई-श्रम पोर्टल २०२१ मध्ये सुरू झालं आणि त्यावर नोंदलेल्यांत निम्म्याहून अधिक बायका आहेत. म्हणजे दिंडी उघडली आहे. आतल्या खोल्यांपर्यंत पोचणं बाकी आहे, कारण नगावरच्या दराची ती मागणी १९८८ मध्ये होती तिथेच उभी आहे.

आणि बिनमोबदला काम? देशभराची पहिली वेळ-वापर पाहणी २०१९ मध्ये झाली. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटं घालते, पुरुष ९७, असं दिसलं. पाच तास! आयोग जे तोंडाने सांगत होता, ते एकतीस वर्षांनी घड्याळाने सांगितलं.

इला भट्ट २ नोव्हेंबर २०२२ रोजी गेल्या. त्यांच्या सुरतेचा २०११ चा आकडा बोलका आहे : जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ७८७ बायका. एवढ्या मोठ्या शहराच्या जिल्ह्याला हा आकडा धक्कादायकच. त्यामागे घर-गाव सोडून एकटे आलेले लाखो पुरुष कामगार आहेत. तरीही, जिथे बायका आधीच संख्येने कमी, तिथे असलेल्यांतल्याही कितीतरी ‘घरीच असते’ म्हणून कामाच्या रकान्यातून निसटतात.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ ठरला आहे. प्रगणक लिंबायतच्या त्या गल्लीतही येईल. त्याच्या प्रश्नाला उत्तर बहुधा तेच मिळेल, कारण बाईला तिच्या कामाला काम म्हणायला कोणी शिकवलेलंच नाही. म्हणून माझं मागणं प्रगणकाकडे आहे. उत्तर लिहिण्याआधी त्याने क्षणभर तिच्या मांडीवरच्या साडीकडे पाहावं आणि पुढचा प्रश्न विचारावा, ‘‘आणि ही साडी, ताई?’’